मामाजींच्या सीटखालचे स्प्रिंग

माझे सासरे, मामाजी, गाडीत माझ्याशी बोलत नसत. जे काही बोलायचं ते समोरच्या काचेकडे पाहून बोलत. "खड्डा दिसत नाई काय माणसाले?" हे काचेला. "लायसन देणाऱ्याले पह्यले जेलात टाकाव," हेही काचेलाच. मी स्टिअरिंग धरून पुढे बसलेली आणि ते मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी, बरोबर चाकाच्या डोक्यावर. पुढे बसा म्हणून मी सुरुवातीला पुष्कळदा म्हटलं. सुनेच्या बाजूला बसून एटापल्लीच्या चौकातून जायचं त्यांना जमणार नव्हतं. लोकांनी काय म्हणावं, आयुष्यभर वनखात्याची गाडी चालवलेला माणूस आता बाईच्या शेजारी क्लीनरसारखा बसतो?

मग बसा मागेच, असं मी मनात म्हटलं आणि विचारणं बंद केलं.

गाडी माझ्या नवऱ्याची होती. डिझेलवर चालणारी, उंच, जुनी. आलापल्ली, चामोर्शी, कधी नागपूरपर्यंत तो भाडी मारायचा. मेंदूच्या मलेरियानं तो गेला तेव्हा घरात आम्ही दोघंच उरलो, एकमेकांना नको असलेले. मी माहेरी निघून जाईन अशी मामाजींची खात्री होती. मी गेले नाही. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम होतं, आश्रमशाळांचे गणवेश शिवायची मी, चार पैसे स्वतःचे होते. ते कशासाठी सोडायचे? मी राहिले याचा त्यांना राग आला आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. गाडीची किल्ली त्यांनी आपल्या बंडीच्या खिशात ठेवली. त्यांना स्वतःला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण किल्ली खिशात.

मग त्यांची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला डायलिसिस. एसटीनं जाणं एकवेळ जमायचं, येणं नाही. मशीनवरून उठलेल्या माणसाला उभंही राहवत नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला, तो मामाजींच्या तोंडाला कंटाळून पळाला. दुसरा ठेवला, तोही पळाला. तेव्हा मी चामोर्शीला जाऊन गाडी शिकले. लायसन्स घेऊन घरी आले आणि हात पुढे केला. "किल्ली द्या."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही. कापड कापायच्या टेबलावर टाकली.

एटापल्ली ते आलापल्ली रस्ता ज्यानं पाहिला नसेल त्याला सांगून कळायचा नाही. खाणीतून लोहदगड भरलेले ट्रक रांगेनं जातात. त्यांनी डांबर कधीच खाल्लं, आता खालची गिट्टी खाऊन राहिलेत. पावसाळ्यात लाल चिखल, उन्हाळ्यात लाल धूळ. समोरून ट्रक आला की तो आपली बाजू सोडत नाही, आपणच उतरायचं कडेच्या खडीवर. मला त्या ट्रकांचा इतका राग होता की एकटी असले की मी खिडकी लावून मोठमोठ्यानं शिव्या द्यायची. मामाजी असले की गप्प. एका गाडीत दोघांनी शिव्या देऊन कसं चालेल.

एक दिवस डायलिसिस करून परत येत होतो. आलापल्लीच्या थोडं अलीकडे, सागवनाच्या सावलीत न दिसलेला एक खड्डा. मागचं चाक त्यात गेलं आणि खालून 'धाड' असा आवाज आला, जसा कोणी घण घातला. मामाजी उडाले, त्यांचं डोकं छताला लागलं आणि आपटून खाली येताना त्यांचा डावा हात दाराच्या कडीवर आदळला. हाच तो सुयांचा हात. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी डॉक्टरांनी त्यातल्या दोन शिरा जोडून एक फुगीर जागा करून दिली होती. नुकत्याच सुया काढून पट्टी बांधलेली. पट्टी लाल व्हायला लागली ती थांबेना.

मी गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं आणि कापसाचा बोळा त्या जागेवर दाबून धरला. त्या शिरेतून रक्त किती जोरात येतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. माझी ओढणी, सीट, त्यांचं धोतर, सगळं भरलं. ते दुसऱ्या हातानं माझा हात ढकलत होते.

"सोड. मारूनच टाक एकदाची. तुह्या मनासारखं होऊ दे."

"मामाजी, हात वर धरा."

"नाई धरत."

"धरा म्हणते ना!" मी ओरडले. इतक्या जोरात मी त्यांच्यावर आधी कधी ओरडले नव्हते. त्यांनी हात वर धरला. आम्ही तसेच बसलो, बाजूनं ट्रक जात राहिले, धूळ आमच्या अंगावर पडत राहिली आणि एकाही ट्रकवाल्यानं काय झालं म्हणून विचारलं नाही. शेवटी रक्त थांबलं.

आलापल्लीत एका मेकॅनिककडे गाडी नेली. त्यानं मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडलं. गाडी होडीसारखी हलत राहिली. मग तो खाली वाकला. "शॉकअप गेले बाई, तेल गळून राह्यलं. स्प्रिंगही बसले. खड्ड्यात गेली का सरळ रबरी गुटक्यावर आपटते." मला कळेल असं त्यानं सांगितलं. स्प्रिंग गाडीचं वजन पेलतात. धक्का बसला की ते दबतात आणि उसळतात. शॉकअप त्या उसळीला आवर घालतात. एक थकला की दुसऱ्यावर भार येतो. आमचे दोन्ही थकले होते. या रस्त्यावर कंपनीचेच पुन्हा टाकले तर तेही लवकर जातील, चंद्रपुरात यापेक्षा दणकट मिळतात, तिथे पाहा, असं तो म्हणाला.

मामाजींना मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

चंद्रपूरचं ते दुकान मोठं होतं. भिंतींवर नदीत घुसलेल्या, डोंगरावर चढलेल्या गाड्यांची चित्रं. मालक माझ्याच वयाचा, काळा टी-शर्ट, हातात जाड कडं. मला पाहून त्यानं माझ्या मागे पाहिलं.

"सर नाई आले?"

"कोणते सर?"

"म्हणजे गाडीवाले."

"गाडीवाली मीच आहे," मी म्हटलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. मागे पेशंट बसतो, डायलिसिसचा, म्हातारा, हाताला धक्का लागता कामा नये. गाडीत आम्ही दोघंच असतो. सामान नसतं. रस्ता एटापल्लीचा. त्यानं मोबाइलवर बोट फिरवत ऐकलं.

"टेन्शनच नका घेऊ मॅडम. एक नंबर माल हाय आपल्याजवळ. हेवी ड्युटी. डोंगरावर चढवा."

"मला डोंगरावर नाही चढवायची."

"तरी चढवता येईन ना!" तो हसला, त्याच्या दुकानातले दोघं हसले. मी तिथूनच निघायला हवं होतं. पण मला दुसरं दुकान माहीत नव्हतं. काम संध्याकाळपर्यंत झालं. लाल रंगाचे जाड स्प्रिंग, चकचकीत शॉकअप. गाडी मागून चांगली वीतभर उंच झाली. येताना कोठारीच्या पुढे ती मला जरा टणक वाटली, पण नवीन आहे, असेल, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी अंगणात आले आणि उभेच राहिले.

"ही कोणाची गाडी?"

"आपलीच आहे. स्प्रिंग बदलले."

"कोणाले विचारून?"

"तुमच्यासाठीच बदलले."

"माह्या पोराची गाडी हाय थे!" ते आता काचेशी बोलत नव्हते. "त्यानं जशी ठेवली तशी ठेवाची सोडून तू तिले उंटीण करून आणली?" त्यांनी पाय उचलून पाहिला, तो पायरीपर्यंत पोचला नाही. मी आतून लाकडी पाट आणून ठेवला. त्यावर चढून ते आत बसले आणि शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर्कस हाय सर्कस."

त्या दिवशीचा प्रवास मी विसरणार नाही. खालचा घणासारखा आवाज गेला होता, हे खरं. पण आता प्रत्येक बारीक खडा, प्रत्येक चरा सरळ सीटवर येत होता. खड्ड्यातून निघाली की गाडी मागून लाथ मारायची. मी वेग कमी केला तरी तेच, आणखी कमी केला तरी तेच. आरशात मला दिसत होतं, मामाजींनी डावा हात हवेत धरलेला, उजव्या हातानं वरचं हँडल पकडलेलं आणि दात घट्ट आवळलेले. आष्टीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांची शिवी आली असती तर मला बरं वाटलं असतं. चामोर्शीच्या पुढे गाडी थांबवायला लावली आणि ते रस्त्याच्या कडेला ओकले.

मी दुकानाला फोन केला. "सेट व्हायले टाइम लागते मॅडम, चालवा जराशी." चालवली. पुन्हा फोन केला. "तुमचा रस्ताच तसा हाय." तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही.

त्याच सुमारास मामाजींचा हात दाखवायला चंद्रपूरच्या डॉक्टरकडे जायचं होतं. दवाखान्यातून निघाल्यावर मी गाडी सरळ दुकानावर नेली. मालक बाहेरच होता. मी काय झालं ते सांगितलं. त्यानं गाडीच्या चाकावर लाथ मारून पाहिली, जसं काही त्यानं कळतं, आणि खिडकीतून मामाजींना विचारलं, "काय बाबा, तुमाले काय वाटते? तुमी तं जुने ड्रायव्हर दिसता."

मामाजी ताठ बसले. कोणी त्यांना ड्रायव्हर म्हटल्याला बरेच दिवस झाले असतील.

"गाडीत काई नाई," ते म्हणाले. "चालवणारीत हाय."

दुकानातले सगळे हसले. मालक सगळ्यात जास्त. "पाहा मॅडम! घरचाच निकाल झाला."

गेली दोन वर्षं या माणसाला नेणं, आणणं, त्याचं ओकणं पुसणं, त्याचं रक्त दाबून धरणं, आणि हा परक्यासमोर मला असं म्हणतो. मी गाडीत बसले, गाडी मागे घेतली आणि दुकानाच्या उतारावर आडवी लावली. आत दोन गाड्या काम होऊन उभ्या होत्या, बाहेरून एक आत यायची होती. त्यांची वाट बंद झाली. इंजिन बंद केलं, किल्ली मुठीत घेतली आणि दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"मॅडम, गाडी हटवा."

"हटवते. आधी तुम्ही मागे बसा. मामाजींच्या बाजूला. एक चक्कर मारून येऊ."

"मले टाइम नाई."

"मला आहे."

तो चिडला, मग त्यानं समजावलं, मग पुन्हा चिडला. पोलिसांना बोलावतो म्हणाला. बोलवा म्हटलं. बाहेरचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. आतलं एक गिऱ्हाईक, ज्याची गाडी अडकली होती, मालकावरच भडकलं, "जाऊन ये ना बाबा, दहा मिनिटाची तं गोष्ट!" शेवटी तो कडं मागे सरकवत आला आणि मागच्या सीटवर आदळून बसला.

मी गडचांदूरच्या वाटेला गाडी घातली. तिकडे सिमेंटचे आणि चुनखडीचे ट्रक चालतात, रस्ता आमच्याचसारखा. मी मुद्दाम जोरात चालवली नाही. हे मला महत्त्वाचं वाटत होतं. रोज चालवते तितकीच चालवली. पहिल्या खड्ड्याला मालकाच्या हातातला मोबाइल खाली पडला. तो उचलायला वाकला आणि दुसऱ्या खड्ड्याला त्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"हँडल पकड," मामाजी त्याला म्हणाले. "असं. मोबाइल नको पाहू."

"बाबा, तुमी हात वर काऊन धरला?"

"हा खाली लागला तं रक्त येते. थांबत नाई."

मालकानं मोबाइल खिशात टाकला. आणखी थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "थांबवा मॅडम. बस झालं." मी थांबवली नाही. पुढे एक खराब पट्टा होता, तो पार करून मगच वळवली.

परत आल्यावर तो उतरला, कंबर धरून उभा राहिला. "हे स्प्रिंग तुमच्या गाडीले नोहोत," असं त्यानं कबूल केलं. पुढे-मागे लोखंडी बंपर लावलेल्या, टपावर तंबू आणि पाण्याचे कॅन घेऊन फिरणाऱ्या गाड्यांसाठी ते होते. तेवढं वजन मागे असलं तरच ते दबतात. रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत, दगडासारखे राहतात. एका गिऱ्हाइकासाठी मागवले होते, त्यानं घेतले नाहीत, तर पडून होते.

"म्हणजे पडून होते म्हणून मला टाकले?"

"तसं नाई मॅडम, माल चांगलाच हाय..."

"मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही, पेशंट बसतो म्हणून? सामान नसतं म्हणून?"

त्यानं दुकानातल्यांकडे पाहिलं. आता कोणी हसत नव्हतं. तेवढ्यात मामाजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तू चोर," ते मालकाला म्हणाले आणि मग माझ्याकडे बोट केलं, "आन् ही अडाणी. माह्या नशिबात दोघंही."

बाजू घेतील अशी आशा मी केली नव्हती, तरी ते ऐकून मला रडू आलं. मी ते त्यांना दिसू दिलं नाही. गाडीच्या मागे जाऊन तोंड धुतलं.

मालकाला ते परत घेऊन दुसरे स्प्रिंग नागपूरहून मागवावे लागले. कमी ताठ, आमच्या गाडीच्या रिकाम्या वजनाला धरून असलेले, आणि त्यांच्या जोडीचे गॅसचे शॉकअप. या वेळी मी काम चालू असताना गाडीजवळून हलले नाही. मला काय कळणार होतं? पण जुने लाल स्प्रिंग निघाले की नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलं. नवे हातात घेऊन पाहिले. चाकातली हवा मालक टणक भरत होता, ती कमी करायला लावली, चाकांची दिशा मशीनवर तपासून घेतली. मालक "हो मॅडम, हो मॅडम" करत होता आणि मला त्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. काम झाल्यावर त्यानं चहा मागवला. मी घेतला नाही.

पुढच्या खेपेला मामाजी पाट न मागता गाडीत चढले. गाडी थोडीशीच उंच राहिली होती. एटापल्लीच्या बाहेर तो नेहमीचा खराब तुकडा आला. गाडी खड्ड्यात उतरली, वर आली आणि तिथेच स्थिर झाली. पुन्हा उसळली नाही. दुसरा खड्डा, तेच. धक्के होतेच, रस्ता काही बदलला नव्हता. पण ते आता खालीच कुठेतरी विरायचे, सीटपर्यंत लाथ येत नव्हती. मी आरशात पाहिलं. मामाजींनी हँडल सोडलं होतं. डावा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला. मी वाट पाहत होते. एक शब्द, बरा किंवा वाईट.

शब्द आष्टीजवळ आला. "रस्ताच समजत नाई आता. चाकाखाली काय आलं ते ड्रायव्हरले कळाले पाह्यजे."

"ड्रायव्हरला कळते," मी म्हटलं. "तुम्हाला कळायची गरज नाही."

"तोंड लई चालते."

"तुमच्याकडूनच शिकली."

गडचिरोली येईपर्यंत मग आम्ही भांडलो. वनखात्याच्या जीपला पाट्यांचे स्प्रिंग असायचे, त्याची सर याला नाही, हे त्यांचं म्हणणं. त्या जीपमध्ये मागे डायलिसिसचा पेशंट बसवून पाहिला होता काय, हे माझं. परतताना ते झोपले नाहीत, खुश झाले नाहीत, आभार वगैरे तर सोडाच. पण त्या दिवशी पट्टी कोरडी राहिली. पुढच्या खेपेलाही. गाडीत त्यांचं रक्त त्यानंतर कधी सांडलं नाही.

काही आठवड्यांनी त्यांचे एक जुने सोबती घरी आले. तेही वनखात्यात ड्रायव्हर होते, आता आलापल्लीत राहतात. जयभीम झाला, मी पाणी दिलं आणि पुढच्या खोलीत जाऊन गणवेशाच्या चड्ड्या शिवायला बसले. बाहेर ओसरीवर मामाजींचा आवाज चढला.

"चंद्रपूरच्या त्या दुकानदारले मी धरला. म्हटलं, बस मागं. नेला गडचांदूरच्या रोडनं. बरोबर सरळ झाला! मंग दुसरे स्प्रिंग बसवून घेतले."

मी मशीन थांबवून बाहेर आले. "मामाजी, खोटं काऊन बोलून राह्यले?"

सोबत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मामाजी जरासुद्धा शरमले नाहीत.

"मंग काय सांगू? सुनेनं केलं म्हणू? मले अडाणी समजतीन लोक."

"मला म्हणाले होते ना अडाणी, चारचौघांत? तेव्हा बरं वाटलं?"

"थे खरं होतं तवा."

"आणि आता?"

ते सोबत्यांकडे वळले आणि म्हणाले, "पाहा, अशी हाय. दोन वर्षं झाली, रोज अशी." सोबती बिचारे उठले. त्यांच्या मुलाच्या गाडीचेही शॉकअप गेले होते, म्हणून ते मुळात विचारायला आले होते. मी त्यांना अंगणात गाडीजवळ नेलं, वाकून दाखवलं, काय मागायचं, काय घ्यायचं नाही, बसवताना कशाकडे लक्ष ठेवायचं. दुकानाचं नाव मात्र सांगितलं नाही. ओसरीवरून मामाजी मध्ये मध्ये ओरडून माझं सांगणं दुरुस्त करत होते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चुकत होते. मी प्रत्येक वेळी मागे वळून त्यांना तसं सांगितलं.

सोबती गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. मामाजींनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, किती वाजता निघायचं. मी वेळ सांगितली. उशीर झाला तर चालणार नाही, असं ते म्हणाले. उशीर तुम्हीच करता, असं मी म्हटलं.